जागा तेवढी लिवू नका

"रोप बगा, मुळी बगा, चाखायची तर चाखून बी बगा. पर जागा तेवढी लिवू नका," असं मामी आमच्या सरांना म्हणाली तेव्हा मी त्या दोघांच्या मधे उभी होते. सर म्हणाले, "नक्की." त्यांच्या हातातल्या जीपीएस यंत्राचा हिरवा दिवा चालू होता. तो मला दिसला. सर ती नोंद नंतर काढून टाकतील असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं आणि गप्प बसले.

हे मी शांतपणे लिहू शकेन असं वाटलं होतं. नाही लिहू शकत.

मी मुळशी तालुक्यातल्या रिहे गावची. आमची भातशेती. वडिलांनी डोंगराकडची दोन एकर पुण्यातल्या एका कुटुंबाला फार्महाउससाठी विकली. आता तिथं लॉन आहे, कुंपण आहे, लोखंडी फाटक आहे. उरलेल्या जमिनीत अजून भात होतो. त्याच जमिनीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, कातकऱ्यांची चौदा घरं आहेत. घरं त्यांची, त्यांच्या आज्या-पणज्यांपासूनची. सातबारा मात्र आमच्या वडिलांच्या नावावर. हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं विहीर कुठं आहे हे माहीत असतं तसं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मला एका संशोधन संस्थेच्या प्रकल्पावर नोकरी लागली. मुळशीतल्या रानभाज्या, कंद, औषधी मुळ्या आणि त्यांच्याबद्दलचं आदिवासींचं ज्ञान यांची नोंद करायची होती. प्रकल्पाचे प्रमुख सर पन्नाशीचे, मृदू बोलणारे, ड्रायव्हरलाही 'अहो' म्हणणारे. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "आपण माहिती घ्यायला जात नाही आहोत. ते आपले भागीदार आहेत." मी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भागात कुणी जाणकार आहे का?" मी अभिमानानं सांगितलं, "आहेत ना. मी लहानपणापासून ओळखते त्यांना."

खरं सांगायचं तर ओळखत मामी होती, आम्हाला. लावणीला आणि कापणीला ती आमच्या शेतात यायची. आमच्या चुलीवर काय शिजतं, वडील कुणावर का ओरडतात, आईचा कुठला पाय दुखतो, सगळं तिला माहीत. आम्हाला तिच्याबद्दल एवढंच माहीत की तिचा हात भराभर चालतो. तिचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. मी सात-आठ वर्षांची असताना बांधावर उभी राहून "ए कातकरणी, आई बोलावती" अशी हाक मारायचे आणि माझ्या आईच्या वयाची ती बाई चिखलातून पाय उपसत यायची. तिला नाव आहे, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

प्रकल्पासाठी वस्तीवर गेले त्या सकाळी मात्र ओढा ओलांडतानाच ठरवलं की तिला 'मामी' म्हणायचं. वस्तीतले सगळे तिला मामीच म्हणत. ती अंगणात तांदूळ पाखडत होती.

"मामी, जरा काम व्हतं तुमच्याकडं."

सूप न थांबवता ती म्हणाली, "आज मामी झाले व्हय मी?"

शेजारी बसलेली तिची जाऊ हसली. मीही हसले. मला तो विनोद वाटला.

संमतीपत्र तीन पानांचं होतं, इंग्रजीत. त्याचं मराठी मीच केलं होतं, आणि तेही असं की 'सदर माहितीचा विनियोग शैक्षणिक प्रयोजनार्थ करण्यात येईल'. मामीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यात काय हाय?" मी म्हणाले, "तुमी सांगाल ते आमी लिवून घेनार, येवढंच." तीन पानं मी एका वाक्यात गुंडाळली. मग शाईचा पॅड पुढं केला. ती म्हणाली, "मला सही येती." साक्षरता वर्गात ती नाव लिहायला शिकली होती. तिच्या घराच्या कुडावर कोळशानं काढलेलं तिचं नाव मला त्याच वेळी दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं नाव वाचलं. आणि तरी मी म्हणाले, "अंगठाच द्या मामी, पटकन हुतं." मला वस्तीतले सगळे अंगठे तासाभरात उरकायचे होते. सर खाली गाडीत थांबले होते.

तिनं अंगठा दिला. मग खाली वाकून बराच वेळ गवतावर बोट पुसत राहिली.

भाद्रपद सरता सरता आम्ही रानात जायला लागलो. मामी पुढं, तिच्या मागं सर, मग मी. माझ्या गळ्यात रेकॉर्डर अडकवलेला असायचा. तिचं प्रत्येक वाक्य टिपून घ्यायचं हे माझं काम.

मी पाच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकले होते, पण त्या दिवसांत पहिल्यांदा झाड बघायला शिकले. कंदाचा वेल दिसला की मामी आधी त्याच्याभोवती फिरायची. कुठल्या बाजूनं खणायचं ते ठरल्याशिवाय पहार टेकवायची नाही. कंद काढला तरी वेलाला चिकटलेला वरचा तुकडा परत मातीत पुरायची. त्याला ती 'मान' म्हणायची. "मान ठिवली की पुढल्या साली परत भेट." कडू कंदाच्या चकत्या उकडून टोपलीतनं वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या, हे ती पाणी किती जोरात आहे ते बघून सांगायची. ओढ्यात दगड उचलून खेकडी काढली आणि तिच्या पोटाखाली पिल्लं दिसली, तर त्याच दगडाखाली तिला परत सोडायची, आणि दगडही होता तसाच ठेवायची.

एकदा दोन वेल शेजारी शेजारी होते. सर म्हणाले, "ही एकच जात आहे." मामी म्हणाली, "न्हाई. ह्याचा देठ लालसर हाय, ह्यो घसा धरतो. त्यो न्हाई धरत." सर हसून मला म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या एकच." मी ते मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग ह्यो खा म्हणावं."

सरांनी खाल्ला नाही. वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर वाचलं: 'स्थानिक समजूत'.

आणि मग ती घळ. कड्याच्या पायथ्याशी एक चिंचोळी जागा आहे, तिथं एक मुळी होते. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. घळीकडं कुठून जायचं तेही लिहिणार नाही. मामीनं आम्हाला तिथं नेलं कारण सरांनी त्या मुळीबद्दल चार वेळा विचारलं होतं. तोंडाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली की ही जागा दर साली खणायची नसते. हाताला काम नाही, घरात दाणा नाही, असं एखादं साल येतं, त्या साली वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवूनच इथं यायचं. तिच्या सासूनं तिला ही जागा लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दाखवली होती. "म्हणून म्हनते, जागा तेवढी लिवू नका."

"नक्की," सर म्हणाले.

हिरवा दिवा चालूच होता.

पुस्तक वर्षभरानं इंग्रजीत निघालं. शहरातल्या एका वातानुकूलित सभागृहात त्याचा कार्यक्रम ठेवला होता. मामीला आणायला गाडी पाठवली होती. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत फूल माळलं होतं. तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. व्यासपीठावर पाच खुर्च्या होत्या आणि पाचही माणसं आदिवासींच्या ज्ञानाबद्दल बोलली. मधेच मामीला वर बोलावून शाल आणि नारळ दिला, फोटो काढला, आणि सूत्रसंचालक बाईंनी तिच्या पाठीवर हलकेच हात ठेवून तिला परत पायऱ्यांकडे वळवलं. माईक तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

मुखपृष्ठावर तिचाच फोटो. पहार हातात, मान खाली. आत फोटोची ओळ: 'कंद काढताना आदिवासी महिला, मुळशी'. नाव नाही. आभाराच्या पानावर माझं नाव होतं, आडनाव चुकलेलं. आडनाव चुकलं म्हणून मला वाईट वाटलं, हेही कबूल करते. मग मी पानं उलटत गेले आणि नकाशा आला. मुळशी तालुका, ओढे, डोंगर, त्यावर लाल ठिपके, आणि खाली तक्ता. प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हापुढं पाच आकडे. घळीतले तीन ठिपके मी मोजले.



मामी शेजारी वाकून बघत होती. "काय लिवलंय गं ताई ह्यात?"

मी पान मिटलं. म्हणाले, "तुमचा फोटो हाय मामी. लई छान आलाय."

त्या खोटेपणाचा मला आजही जितका राग येतो, तितका सरांचाही येत नाही. त्या संध्याकाळी मी सरांना बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. मामीला गाडीत खरं सांगायला हवं होतं. मी केलं काय, तर सरांबरोबर फोटोला उभी राहिले.

दिवाळीनंतर वस्तीखालच्या रस्त्यानं एक जीप दोन दिवस वर गेली. माणसं इथली नव्हती. पोती घेऊन गेली आणि भरून उतरली. तिसऱ्या दिवशी मामीचा दीर घळीकडं जाऊन आला. मग मामी गेली. आणि तिथून ती थेट आमच्या अंगणात आली.

मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. तिच्या हातात एक वेल होता, मुळासकट उपटलेला, सुकलेला. तिनं तो माझ्यासमोर टाकला.

"मान बी ठिवली न्हाई," ती म्हणाली. "सगळं खणून न्हेलं. खड्डे उघडे टाकून गेलेत."

मी काहीतरी बोलायला लागले. तिनं हात वर केला.

"तितं म्हाईत नसलेला मानूस पोचत न्हाई. तुज्या बापाला ती जागा ठाव न्हाई. गावात कुनाला ठाव न्हाई. मंग जीपवाल्याला कुनी सांगितली? दाव मला ते पुस्तक."

मी लॅपटॉपवर नकाशा उघडला. पुस्तक संस्थेच्या वेबसाइटवर कुणालाही उतरवून घेता येत होतं. मी ठिपके दाखवले, आकडे दाखवले, फोनमध्ये ते आकडे घातले की काय होतं तेही दाखवलं. फोनवर निळी रेघ उमटली, पुण्यातून थेट घळीपर्यंत. मामी त्या रेघेकडं बघत राहिली.

"तवा बी ह्ये असंच व्हतं? शाल दिली तवा?"

"व्हय."

"तुला दिसलं व्हतं?"

"व्हय, मामी."

आई दारात आली होती. काय झालंय ते तिला कळलं नव्हतं, पण आवाज कळला होता. म्हणाली, "बस गं, च्या टाकते."

"तुमचा च्या नको, वैनी," मामी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्या पयल्याच दिशी न्हाई म्हणाया पायजे व्हतं. माज्या जावंनं सांगितलं बी व्हतं, नको जाऊ म्हणून. पर आमची घरं तुज्या बापाच्या जागेत. तुला न्हाई म्हणून आमी जायाचं कुटं?"

ती गेली. सुकलेला वेल अंगणात पडून राहिला. आईनं तो उचलून टाकायला हात पुढं केला तेव्हा मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष होता?

त्या दिवसापर्यंत माझा समज होता की मामीनं मला होकार दिला होता. अंगठा होता ना कागदावर! सातबाऱ्याचा कागद त्या अंगठ्याखाली पहिल्यापासून होता, तो तेवढा मला दिसला नव्हता. माझ्यासारखी पोरगी दारात येऊन 'मामी' म्हणते, तेव्हा ती विनंती नसतीच. संमतीपत्राच्या तीन पानांत याबद्दल एक ओळ नव्हती, आणि त्याचं मराठी करणारी मी, जमीनमालकाची मुलगी, मलाही ती ओळ सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि ते खरं होतं, यातच सगळी गोम आहे. म्हणाले, "फार दुर्दैवी आहे. पण आपल्या पुस्तकामुळेच झालं, हे कशावरून?"

"सर, ठिपके होते तिथंच खड्डे आहेत. ठिपका नाही तिथल्या वेलीला कुणी हात लावलेला नाही."

"तरी तो पुरावा होत नाही. आणि संमतीपत्र आहे आपल्याकडे."

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. घळीतला वारा, पानांची सळसळ, मग मामीचा आवाज: "जागा तेवढी लिवू नका." आणि त्यामागून सरांचा: "नक्की."

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "हा अनौपचारिक संवाद आहे. संमतीपत्राचा भाग नाही."

माणूस तोंडानं बोलतो तो अनौपचारिक, आणि ज्याला सही येते त्याचा शाईत बुडवून घेतलेला अंगठा औपचारिक. मी राजीनामा त्यांच्याच टेबलावर हातानं लिहिला. निघताना ते म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय." मी दार आपटलं. दार आपोआप हळूहळू मिटणारं होतं. तेही धड आपटता आलं नाही.

मी संस्थेला पत्रं लिहिली, की निदान वेबसाइटवरचा नकाशा काढा. 'आपले पत्र संबंधितांकडे पाठवले आहे' असं उत्तर दोनदा आलं. तेव्हा एका सकाळी मामीचा दीर आमच्या बांधावर आला. म्हणाला, "मामी इचारती, त्ये ऑफिस तुला ठाव हाय न्हवं? वाट दावायला चल. बोलनं आमी करू."

वस्तीतली तेरा माणसं एसटीनं पुण्यात आली. मी पुढच्या सीटवर एकटी. माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि तिकीटही काढू दिलं नाही.

संस्थेच्या स्वागतकक्षात शिरलो आणि सगळेच थबकले. समोरच्या भिंतीवर माणसाहून उंच फोटो होता: पहार हातात घेतलेली मामी. खाली इंग्रजीत प्रकल्पाचं नाव. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं आमच्याकडं पाहिलं, मग सिक्युरिटीवाल्याकडं.

"कोणाला भेटायचंय? अपॉइंटमेंट आहे का? ओळखपत्र दाखवा एखादं."

मामीनं बोट वर केलं. "ही मीच."

मुलीला कळेना. मामी भिंतीपाशी जाऊन फोटोशेजारी उभी राहिली. चेहरा फोटोसारखा खाली नाही, सरळ समोर.

"हिला आत ठिवली न्हवं तुमी? मंग मला का भायेर ठिवता?"

सिक्युरिटीवाला बिहारकडचा होता. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्यानं फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि बाजूला झाला. तेराच्या तेरा माणसं चकचकीत फरशीवर मांडी घालून बसली. कुणी घोषणा दिली नाही. लोक येत होते, वळसा घालून जात होते. दुपारी सर खाली आले. मी बोलायला उठले तशी मामीनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. चांगलं जोरात धरलं.

सरांना ती म्हणाली, "तुमी व्हय म्हणाला व्हता."

"हो," सर म्हणाले.

"ते काढा. आनि वस्तीवर या, आनि सगळं पुस्तक आमाला वाचून दावा. पयल्या पानापास्नं."

नकाशा चार दिवसांनी वेबसाइटवरून निघाला. ज्यांनी आधीच उतरवून घेतला होता त्यांच्याकडून तो कोण काढणार? छापलेल्या प्रतींचं तर विचारायलाच नको.

सर येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. एकटेच, गाडी खाली ठेवून चालत. वस्तीच्या अंगणात गोणपाट अंथरलं होतं. त्यावर बसून त्यांनी तीन दिवस ते पुस्तक इंग्रजीतून मराठी करत वाचून दाखवलं. सगळी वस्ती भोवती. मला मामीनं कळवलं होतं, "यायचं तर ये." मी मागं कुडाला टेकून बसले.

पहिल्या दिवशीच एक फोटो आला, 'मासे पकडण्याचे पारंपरिक साधन'. ते मामीच्या जावेचं कोंबड्या झाकायचं डालगं होतं. लोक इतके हसले की सरांनाही हसावं लागलं. पण मग चुका निघतच गेल्या. एका वेलीचं औषध भलत्याच दुखण्यावर लिहिलं होतं. घसा धरणारा आणि न धरणारा वेल एक करून टाकला होता. वाचून कुणी खाल्ला असता तर? दुसऱ्या दिवशी हसणं थांबलं होतं.

शेवटच्या प्रकरणात एक वाक्य होतं. सरांनी ते वाचलं: "हा समाज आपलं पारंपरिक ज्ञान हळूहळू विसरत चालला आहे."

"कोन इसरलं?" मामी म्हणाली.

सरांनी पुस्तकातून वर पाहिलं.

"म्या इसरले? तुमच्याम्होरं चाललं कोन मंग? खालच्या फारमहौसात माज्या सासूचा कंदाचा माळ व्हता. आता तितं मी गवत कापाया जाते. माळ्यानं सांगितलंय, येल दिसला की उपटून टाक. मीच उपटते. फाटकाला कुलूप हाय. आमी इसरलो असं का लिवता? कुलूप लिवा की."

ते फार्महाउस म्हणजे आमची विकलेली दोन एकर. अंगणात बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कुणीही माझ्याकडं बघितलं नाही, आणि तेच मला सोसलं नाही.

सरांनी ते वाक्य खोडलं, समासात मामीचे शब्द लिहिले, तिला वाचून दाखवले. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "माझं चुकलं." मामी म्हणाली, "व्हय, चुकलं." एवढंच. तिनं माफ केलं असं कुणी समजू नये. चहाचं तेवढं विचारलं.

त्याच आठवड्यात मी वडिलांसमोर विषय काढला. चौदा घरांखालची जमीन कातकऱ्यांच्या नावावर करून द्या, निदान त्यांच्या जागेच्या अर्जाला तुमची हरकत नाही एवढं तरी लिहून द्या.

"तुज्या पुस्तकातलं घरात आनू नको," वडील म्हणाले.

"फार्महाउसवाल्याला दोन एकर देताना काय वाटलं न्हाई तुमाला."

"ते इकलं. ह्ये देनं हाय. एकदा दिलं का गेलं."

"कुटं गेलं? हायेत तितंच राहनार ना ती मानसं!"

ते ताटावरून उठले. मीही उठले. आमच्या घरात त्या दिवसापासून जे काही चालू आहे त्याला भांडण म्हणतात की काय, मला माहीत नाही. कागद तयार आहे, सही झालेली नाही. मी दर आठवड्याला तो त्यांच्यापुढं ठेवते. ते चष्मा शोधायला जातात.

मी आता जवळच उरवड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर नमुने तपासते, ज्यांच्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही. घळीत दोन पावसाळ्यांत तुरळक वेल वर आलेत असं मामीच्या दीरानं सांगितलं. किती, ते मी विचारलं नाही. मामी रस्त्यात भेटली तर बोलते. 'ताई' म्हणत नाही, नावानं हाक मारते. मीही आता तिला मामी म्हणताना अडखळते, कारण तो शब्द मी कशासाठी घेतला होता ते आम्हा दोघींना माहीत आहे.

मागच्या महिन्यात एका दुसऱ्या महाविद्यालयातल्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. त्यांचा नवा प्रकल्प होता, ओढ्यातल्या माशांवर. माझा नंबर कुणीतरी दिला होता. मी सांगितलं, "वस्तीवर जा आणि त्यांनाच विचारा." आठ दिवसांनी परत फोन. बाई वैतागल्या होत्या.

"अहो, आम्ही सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. मराठीत. नावं छापू म्हटलं, पुस्तक आधी वाचून दाखवू म्हटलं. दोन तास बसलो. सगळं ऐकून घेतलं आणि त्या बाई नाही म्हणाल्या."

"का, ते सांगितलं?"

"काही नाही. म्हणे, या साली नको."

"मग?"

"मग म्हणजे... तुमची घरची ओळख आहे ना? तुमच्या वडिलांची तिथं जमीन आहे असं कळलं. तुम्ही जरा सांगून बघा ना त्यांना."

मी कारखान्याच्या आवारात उभी होते. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला होता.

"त्या नाही म्हणाल्या ना?" मी विचारलं.

"हो, पण..."

"पण काय? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हणता आलंय. माझ्या वडिलांचं नाव घेऊन मी ते मोडायला जाऊ?"

बाई म्हणाल्या की तसा त्यांचा अर्थ नव्हता, त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, मुलांचं वर्ष वाया जाईल. मी फोन बंद केला आणि आत कामाला गेले.